आधी कबुली, मग वसुली

मित्रानं हप्ता भरायचं थांबवलंय हे बँकेच्या आधी त्याच्या फोनवरून कळतं. सुरुवातीला ‘गाडीवर आहे, पोचलो की लावतो’ असतं. मग मोबाईल घरी राहायला लागतो आणि तो वहिनी उचलतात. मग व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा उमटतात, उत्तर येत नाही. बँकेचा मेसेज या सगळ्यानंतर येतो, आणि तो त्याला एकट्याला येत नाही, तुम्हालाही येतो. कागदावर कर्ज दोघांचं असतं.

मराठवाड्यात असे कागद घरोघर सापडतील. दोघांनी मिळून घेतलेला ट्रॅक्टर, सामाईक बोअर आणि पाइपलाइन, तालुक्याच्या पतसंस्थेत मित्राला राहिलेला जामीन, बचत गटातल्या बायकांनी एकमेकींची घेतलेली हमी. आणि सगळ्यांत अवघड प्रकार म्हणजे ‘तुझं सिबिल चांगलंय, तुझ्या नावावर काढ, हप्ते मी भरतो’ म्हणून काढलेलं कर्ज. पैसा घरात असतो तोवर यातल्या कशाचीच अडचण होत नाही. सोयाबीन पिवळं पडतं, कापसाचा भाव पडतो, मुलीचं लग्न निघतं, आणि मग दोघांतला एक मागं सरकतो.

अशा वेळी बहुतेक जण पहिलीच गोष्ट चुकीची करतात. पैसे मागतात. आधी मागायला हवं ते लेखी. मित्र आज पैसे देत नसला तरी देणं नाकारत नाही. हॉटेलात चहा पिताना विचारलं तरी ‘हो बाबा, देतो की, पळून चाललो का गाव सोडून’ असंच म्हणतो. पण हा काळ फार टिकत नाही. एकदा दोघांत बोलाचाली झाली, घरच्यांनी त्याची बाजू घेतली, किंवा कुणी जाणत्यानं त्याला कानात ‘तू काही लिहून दिलंस का?’ असं विचारलं, की ‘देतो की’चं ‘कसले पैसे?’ होतं. पैसे निघायचे तेव्हा निघतील, दोन हंगाम लागतील. कबुली मात्र त्याच्या तोंडात ‘देतो’ आहे तोवरच निघते.

बँकेच्या बाजूनं चित्र साधं आहे. भारतीय करार कायदा १८७२ मधल्या कलम ४३ प्रमाणे दोघांनी मिळून घेतलेलं कर्ज बँक कुणाही एकाकडून पूर्ण वसूल करू शकते. ‘माझा निम्मा मी भरलाय’ हे काउंटरवर उत्तर होत नाही. निम्मा हप्ता म्हणजे थकलेलाच हप्ता, त्यावर दंड चढतो. नव्वद दिवस थकला की साधं कर्जखातं एनपीएत, म्हणजे बँकेच्या थकीत-बुडीत खात्यांत जातं. कमी मुदतीच्या पिकांच्या कर्जाला हीच मोजणी दोन हंगामांची असते. १ जानेवारी २०२५ पासून बँका कर्जदारांची माहिती, कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या कंपन्यांना किमान दर पंधरवड्याला पाठवतात, म्हणजे मित्राची टाळाटाळ महिनाभरातच तुमच्याही नावासमोर दिसू शकते.

त्याच कलमात पुढं मात्र तुमच्या कामाचं आहे. वेगळं काही ठरलं नसेल तर वाटे सारखे धरायचे, आणि ज्यानं आपल्या वाट्यापेक्षा जास्त भरलं त्यानं ते दुसऱ्याकडून मागायचे. तिघांनी तीन लाख घेतले आणि एक पुरता बुडाला, तर उरलेल्या दोघांनी त्याचा वाटा सारखा वाटून घ्यायचा, म्हणजे प्रत्येकी दीड लाख. तेव्हा एका कर्जाची खाती दोन असतात: एक बँकेशी, एक आपसातलं. पहिलं बँक लिहिते. दुसरं कुणीच लिहीत नाही, आणि भांडण नेमकं त्याच खात्यावर होतं.

म्हणून हप्त्याची तारीख आली की, झेपत असेल तर, पूर्ण हप्ता तुम्ही भरा. तुमच्या खात्यातून, थेट कर्जखात्यात. मित्राच्या हातात रोख देऊन ‘भरून ये’ म्हणू नका. रोखच भरायची वेळ आली तर स्लिपवर भरणाऱ्याचं नाव आणि सही तुमची असू द्या. त्याच दिवशी त्याला मेसेज टाका, एवढाच: ‘आज ट्रॅक्टरचा हप्ता ८१,५०० माझ्या खात्यातून भरला. त्यात तुझे ४०,७५०. कधी देतोस?’ शिव्या नकोत, टोमणा नको. ‘दिवाळीला देतो भाऊ’ एवढं उत्तर आलं तरी तुमच्या आपसातल्या खात्यात पहिली ओळ पडली. तो मेसेज ज्या फोनवर आहे तो फोन सांभाळा, बदलायचा झाला तरी जुना विकू नका. नुसता स्क्रीनशॉट कोर्टात पुरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत दोन भागांचं प्रमाणपत्र लागतं. एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. झेपत नसेल तर हप्ता चुकण्याआधी शाखेत जाऊन मुदत वाढवून मागा. पुनर्गठनाच्या कागदावर दोघांच्या सह्या लागतात, आणि मित्राला कागदासमोर बसवायला हेही एक सोयीचं निमित्त होतं.

आता मित्र देत नाही की देऊ शकत नाही? या दोघांना एकच औषध चालत नाही, आणि ओळखायचं कसं तर हंगामावरून. जूनमध्ये मृगाच्या तोंडावर शेतकऱ्याकडे पैसे मागणं म्हणजे ‘नाही’ ऐकायला जाणं. बी-बियाणं, खत, पोरांच्या शाळा, सगळं त्याच महिन्यात. सोयाबीनचा पैसा दसरा-दिवाळीच्या आसपास हातात येतो, कापसाचा त्यानंतर, तुरीचा जानेवारी-फेब्रुवारीत, हरभऱ्याचा त्याच्या मागोमाग. ऊस असेल तर बिल गाळपावर. ऊसतोडीला जाणाऱ्याच्या हातात मुकादमाची उचल पडते ती कारखाने सुरू होण्याच्या आधी, आणि ती घरात टिकते थोडेच दिवस. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीसारखं वर्ष आलं तर गावच्या गाव देऊ शकत नाही. तिथं हट्ट धरून काही निघत नाही, मुदत वाढवून घेण्यात शहाणपण आहे. पण आडतीवर पट्टी झाली, पैसे खात्यावर आले आणि त्या आठवड्यात नवा मोबाईल, नवी फटफटी दिसली, तर तो देऊ शकत होता. असल्या माणसाशी मुदतीची भाषा बोलू नये.

आणखी एक तिसरा असतो, कर्जमाफीची वाट बघणारा. २०१७ ची दीड लाखापर्यंतची माफी, २०१९ ची दोन लाखांपर्यंतची माफी लोकांनी पाहिली आहे. ‘भरू नको, माफ होणारंय’ हा सल्ला पारावर फुकट मिळतो. त्याला एवढंच सांगावं की त्या माफ्या मुख्यतः ठरावीक तारखांच्या पीककर्जाच्या होत्या. ट्रॅक्टरच्या फायनान्सला आणि पतसंस्थेच्या वैयक्तिक कर्जाला त्याचा सहसा उपयोग नाही, आणि मित्राच्या देण्याला तर मुळीच नाही.

बोलायला बसायचं ते दोघांनीच, आणि हिशेब घेऊन. इथं बहुतेकांचं गणित फसतं, कारण ते फक्त आपण भरलेले हप्ते मांडतात. समोरचा लगेच म्हणतो, ‘ट्रॅक्टर तर तूच वापरलास!’ आणि त्यात तथ्य असतं. भाड्याची नांगरणी, रोटर, पेरणी कुणी केली, पैसे कुणाला मिळाले, डिझेल कुणी टाकलं, टायर आणि क्लचप्लेट कुणी बदलली, विमा कुणी भरला, हे दोन्ही बाजूंचं लिहावं लागतं. एकट्याच्या सोयीचा हिशेब मित्राला सही न करण्याचं कारण देतो.

आकड्यांतच बघू. दोघांनी एकेक लाख घालून वर सहा लाखांचं कर्ज काढलं, बारा टक्क्यांनी, पाच वर्षांचं, सहामाही हप्ता. हप्ता येतो सुमारे ८१,५००. पहिले दोन हप्ते निम्मे निम्मे भरले, तिसरा आणि चौथा तुम्ही एकट्यानं. मित्राचे थकले ४०,७५० दुणे ८१,५००. चार हप्त्यांनंतर बँकेची बाकी साधारण ४,०१,००० उरते. पहिली दोन वर्षं हप्त्याचा मोठा भाग व्याजातच जातो, त्यामुळं ‘दोन वर्षं भरलं तरी दोनच लाख फिटले?’ असं वाटतं. ते तसंच असतं. आता बाजारात ट्रॅक्टरला ५,२०,००० मिळत असतील तर बँक वजा जाता उरतात १,१९,०००, त्यात मित्राचे ५९,५००. भाड्याचा हिशेब बरोबरीत सुटला असं धरलं, तर त्यानं तुम्हाला २२,००० द्यावेत, ट्रॅक्टर आणि पुढचे सहा हप्ते तुम्ही घ्यावेत, आणि तो मोकळा. ८१,५०० ऐकून जो माणूस फोन उचलत नव्हता तो २२,००० ऐकून खुर्ची पुढं ओढतो. फक्त बँकेच्या कागदावरून त्याचं नाव आपोआप निघत नाही. त्यासाठी बँकेची लेखी संमती लागते, आणि ती बऱ्याचदा नवा जामीनदार मागून मिळते. ट्रॅक्टर दोघांपैकी कुणालाच नको असेल तर विकावा, पण आधी बँकेकडून कर्ज बंद करण्याची रक्कम लेखी घ्यावी आणि गिऱ्हाइकाचा पैसा थेट कर्जखात्यात जाऊ द्यावा. एकाच्या खिशात गेलेला पैसा कर्जखात्यापर्यंत पोचताना घटतो.

हिशेब पटला की त्याच बैठकीत कागद. ‘उद्या तालुक्याला जाऊन करू’ म्हटलं की तो उद्या येत नाही. साध्या कागदावर, त्याच्या हस्ताक्षरात असेल तर उत्तमच, असं काहीसं (इथं ट्रॅक्टर दोघांचाच राहिला असं धरलंय; वरच्यासारखा तो तुम्ही घेतला तर आकडा २२,००० चा):

‘मी खाली सही करणार, राहणार अमुक, तालुका तमुक, लिहून देतो की आपण दोघांनी मिळून ट्रॅक्टरसाठी बँकेकडून ६,००,००० रुपये कर्ज घेतले असून त्यात माझा निम्मा वाटा आहे. तिसऱ्या व चौथ्या हप्त्यातील माझ्या वाट्याचे प्रत्येकी ४०,७५० असे एकूण ८१,५०० रुपये तुम्ही तुमच्या खात्यातून भरले आहेत. सदर ८१,५०० रुपये मी तुम्हाला देणे लागतो. ते मी पुढील तारखांना तुमच्या बँक खात्यात जमा करून फेडीन.’ खाली तारखा आणि रकमा, सही, दोन साक्षीदार, दिनांक.

यातले दोन शब्दप्रयोग गाळू नका. ‘देणे लागतो’ ही कबुली झाली, ‘फेडीन’ हे वचन झालं. पैशाच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची असते, आणि तुम्ही भरलेल्या प्रत्येक हप्त्याची तीन वर्षं तो भरल्या दिवसापासून वेगळी मोजली जातात. मुदत संपायच्या आत सही असलेली लेखी कबुली मिळाली तर तीन वर्षं पुन्हा नव्यानं सुरू होतात. मुदत उलटून गेल्यावर नुसत्या ‘देणे लागतो’नं भागत नाही, करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे फेडण्याचं स्पष्ट लेखी वचन लागतं. दोन्ही लिहिलेलं असलं की वेळेचा वाद उरत नाही. याच कारणानं, मित्रानं मध्येच पाच-दहा हजार दिले तर ते कुठल्या हप्त्यापोटी हे पावतीवर लिहा. त्यानं काही सांगितलं नसेल तर ते सगळ्यांत जुन्या देण्याला लावण्याचा हक्क तुमचा आहे, आणि मुदत संपत आलेलं तेच असतं.

बाँड, म्हणजे स्टँप पेपर, हवाच का? हवाच असं नाही, साध्या कागदावरची कबुलीही कबुलीच असते. पण गावात बाँडला मान आहे, आणि बाँडवर सही करताना माणूस दोनदा वाचतो. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा जाऊन पाचशेचा आलाय. स्टँप व्हेंडरच्या नोंदवहीत तारीख पडते हा त्याचा खरा फायदा. मागच्या तारखेचा कागद केला असा आरोप मग होत नाही. करारनाम्याला मुद्रांक कमी पडला तर दंड भरून तो पुढं चालवता येतो. वचनचिठ्ठीचं (प्रॉमिसरी नोटचं) तसं नाही. तिला रेव्हेन्यू स्टँप लिहितानाच लावावा लागतो आणि सही स्टँपवरून कागदावर उतरावी लागते. बिनस्टँपची वचनचिठ्ठी दंड भरूनही पुराव्यात येत नाही. दहा लाखांच्या चिठ्ठ्या एक रुपयाच्या तिकिटापायी वाया जातात त्या अशा.

व्याज लावायचं? बँक जेवढं घेते तेवढंच लावा. ‘शेकडा तीन’च्या भाषेत गेलात की मैत्री संपते आणि वर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ चा अर्ज जिल्हा उपनिबंधकाकडे जाऊ शकतो. एका मित्राच्या एका देण्यानं कुणी सावकार ठरत नाही, पण चौघांना चढ्या व्याजानं दिलेलं निघालं तर उत्तरं देता देता नाकी नऊ येतात. परतफेड रोखीत घेऊ नका. आयकराच्या नियमांत हातउसन्या रकमेला रोखीची मर्यादा वीस हजारांच्या आतली आहे, आणि खात्यावरची नोंद दोघांच्याही भल्याची.

कबुलीसोबत पुढच्या तारखांचे चेक मिळाले तर बरंच. तारखा त्याच्या पिकाप्रमाणे घाला. उसाचं बिल १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत मिळायला हवं, मिळतं कधी ते सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा महिनाभर सैल सोडा. चेक तीन महिन्यांत बँकेत टाकावा लागतो. तुमच्याच बँकेत टाका, कारण परतला तर तक्रार तुमची शाखा जिथं आहे तिथल्या कोर्टात चालते. परतल्याचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस, ती मिळाल्यापासून त्याला पंधरा दिवस, आणि ते संपल्यापासून एक महिन्याच्या आत तक्रार. यातली एक तारीख चुकली की चेक परतल्याबद्दलच्या, परक्राम्य संलेख अधिनियमातल्या कलम १३८ चं हत्यार बोथट होतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खटला चालू असताना चेकच्या वीस टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाईचा आदेश कोर्ट देऊ शकतं. एका बारकाव्यावर मात्र भलेभले पडतात: चेक दिल्यावर मित्रानं काही पैसे दिले आणि तुम्ही पूर्ण रकमेचा चेक टाकला, तर तक्रार टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. आलेली रक्कम चेकच्या मागं नोंदवा, किंवा सरळ उरलेल्या रकमेचा नवा चेक घ्या.

जामीनदाराची गोष्ट याहून कडू, कारण त्यानं पैसा वापरलेलाच नसतो. ‘नुसती सही तर करायचीय’ म्हणून केलेली सही करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे कर्जदाराइतकीच पक्की असते. आधी कर्जदाराकडं जा, मग माझ्याकडं या, असं पतसंस्थेला सांगता येत नाही. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुली दाखल्याचा अर्ज झाला की सहायक निबंधकाकडून नोटीस येते. ती घरात ठेवून द्यायची नसते. सुनावणीला जा, कर्जखात्याचा उतारा मागा, व्याज आणि दंडव्याजाची आकारणी तपासा, कर्जदाराची जमीन, वाहन, पगार यांची माहिती लेखी द्या. दाखला निघाल्यावर वसुली अधिकारी कलम १५६ खाली जप्ती करू शकतो.

भरायचीच वेळ आली तर पावतीवर ‘जामीनदार या नात्यानं’ असं लिहून घ्या. पूर्ण भरल्यावर संस्थेकडे असलेलं तारण आणि कर्जाचे कागद यांवरचा हक्क तुमच्याकडे येतो. पतसंस्थेत जामीनदार सहसा दोन असतात. बाकी दोन लाख चाळीस हजार एकट्यानं भरले, तर ते सगळे कर्जदाराकडून मागता येतात, किंवा दुसऱ्या जामीनदाराकडून त्याचे एक लाख वीस हजार. संस्थेनं एकरकमी तडजोडीत दोन लाख चाळीसचे दीड लाख केले असतील तर मित्राकडून दीड लाखच मिळतील, वरची सूट तुमची कमाई नव्हे. मुदत तीच, भरल्यापासून तीन वर्षं.

गटातल्या बायकांचं एवढंच: एका बाईचा हप्ता बाकीच्या जणी जागेवर वर्गणी काढून भरतात, आणि तो कुठंच लिहिला जात नाही. इतिवृत्ताच्या वहीत त्या बाईच्या सही-अंगठ्यासह त्याच बैठकीत लिहा. आणि मायक्रोफायनान्सचा माणूस सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर वसुलीला येऊ शकत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम त्याच्या तोंडावर सांगा.

‘तुझ्या नावावर काढ’ या प्रकारात तर कायद्यानं कर्जदार तुम्ही एकटेच. मित्राचं नाव कुठंच नाही. कर्ज जमा झाल्यावर त्याच दिवशी रक्कम खात्यातून त्याच्या खात्यात गेली असेल तर तुमची बाजू बरीच भक्कम. रोख काढून दिली असेल तर फार कच्ची. त्यानं आजवरचे हप्ते तुम्हाला ऑनलाइन पाठवले असतील तर ते उतारे काढून ठेवा. दर महिन्याच्या त्याच तारखेला, त्याच आकड्याची रक्कम कुणी मित्राला उगाच पाठवत नाही. इथं कबुलीपत्राशिवाय पुढं सरकूच नये.

मध्यस्थ घालायचा तर ज्याला मित्र ‘अण्णा’ किंवा ‘मामा’ म्हणतो असा, ज्याचं शेत-घर त्याला रोज दिसतं असा. पुढारी नको, त्याला दोघांचीही मतं हवी असतात. २००७ पासूनच्या तंटामुक्त गाव समित्या काही गावांत अजून कामाच्या आहेत. त्यांचा निर्णय अंमलात आणायला कुणी येत नाही, पण तिथंही पुन्हा एक लेखी कबुली पदरात पडते.

काय करायचं नाही, तेही सांगायला हवं. त्याच्या दारातून फटफटी उचलून आणणं, बॅटरी काढून घेणं, व्हॉट्सॲपच्या स्टेटसला त्याचा फोटो लावणं, सासरवाडीला फोन करणं: यातल्या प्रत्येकात तुम्ही फिर्यादीचे आरोपी होता. आणि कर्ज नि अब्रू यांचं नातं आपल्या भागात किती जीवघेणं आहे हे वेगळं सांगायला नको. पोलिस ठाण्यातही फारसं काही मिळत नाही. फसवणुकीला सुरुवातीपासून फसवायचा हेतू लागतो, आणि त्यानं प्रामाणिकपणे भरलेले पहिले दोन हप्तेच त्याच्या बाजूनं बोलतात.

वकिलाची नोटीस सगळ्यांत शेवटी. ती गेली की तिला उत्तर येतं, आणि उत्तरात वकील सगळं नाकारतो. एकदा लेखी नाकारल्यावर मित्राला मागं फिरणं अवघड जातं. पाठवाल तेव्हा त्यात तारखा, रकमा आणि व्याजाची मागणी स्पष्ट असू द्या. कागदात व्याज ठरलं नसेल तर नोटिशीतल्या मागणीपासून ते मागता येतं. मानसिक त्रासाचे पाच लाख वगैरे घालू नका, त्यानं खऱ्या ऐंशी हजारांचं वजन कमी होतं.

नोटिशीनंतरही थेट दाव्याआधी लोकअदालत आहे. तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडं दाखलपूर्व प्रकरण म्हणून अर्ज द्यायचा, कोर्ट फी नाही. मित्र आला आणि तडजोड झाली तर तो निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच असतो, त्यावर अपील नाही. आला नाही तर दावा. सही केलेला कागद असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ खाली संक्षिप्त दावा करता येतो. समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत त्याला हजर व्हावं लागतं आणि बचावासाठी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. कागद नसेल तर साधा दावा, साक्षी-पुरावे, तारखा.

पण दाव्याआधी पंधरा रुपये खर्चून त्याचा डिजिटल सातबारा काढून बघा. जमीन वडलांच्या नावावर असेल तर मित्राची म्हणून जप्त करण्याजोगी जमीन सहसा नाही, हे दोन वर्षांनी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं. हुकूमनामा मिळाल्यावर दरखास्तीला, म्हणजे त्याच्या अंमलबजावणीच्या अर्जाला, बारा वर्षं असतात, तरी शेतकऱ्याचं राहतं घर, औतं-अवजारं, लागणारी जनावरं आणि बियाणं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे जप्त होत नाही. बँकेतली शिल्लक, वाहन, नोकरी असेल तर पगाराचा काही भाग, स्वतःच्या नावावरची जमीन, एवढ्यावरच नजर ठेवता येते. ऐंशी हजारांपायी कोर्टाची पायरी चढावी का, हे हा सातबारा समोर ठेवून ठरवावं. बऱ्याचदा पन्नास हजारांवर आजच मिटवून टाकणं जास्त पदरात पाडतं, आणि तीस हजार सोडले हे गावात सांगत न फिरणंही त्यात आलं.

आणि पैसे आले, सगळे आले, तर पाळी तुमची. शेवटची रक्कम मिळाल्याच्या दिवशीच ‘आता काही येणे बाकी नाही’ अशी सही केलेली पावती त्याला द्या, उरलेले चेक परत करा, मूळ कबुलीपत्रावर ‘फिटले’ लिहून एकेक प्रत दोघांनी ठेवा. बँकेचं कर्ज बंद झालं की नो ड्यूज (बाकी नसल्याचा दाखला) आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) घेऊन आरटीओतून आरसीवरचा बोजा उतरवा. जमिनीवर बोजा असेल तर बँकेचं पत्र तलाठ्याकडे द्या आणि फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून इतर हक्काचा रकाना स्वतः वाचा. बँक बोजा चढवण्याची घाई करते, उतरवण्याची आठवण तुम्हालाच करून द्यावी लागते.